घोड्याच्या चिलखताचे मोल

गेल्या मे महिन्याच्या सुटीतील एक लहानसा प्रसंग. पाचवीत शिकणारा आमचा नातू आजीचा मोबाईल घेऊन तिच्यापाशी आला आणि लाडीगोडी लावीत म्हणाला, "आजी, खेळात एक पेटी घ्यायची आहे. चारशे रुपये लागतील. तुझा पिन टाक ना."

आजीने चष्मा सावरला. "पेटीत आहे काय?"

"ते उघडल्यावर कळतं."

"न बघता कशी रे घ्यायची? मी कोळणीकडून बोंबील घेते तेव्हासुद्धा टोपलीतला खालचा थर वर काढून बघते."

तरीही नातवाच्या मायेपोटी आजीने पिन टाकला. पेटी उघडली. दिव्यांची रोषणाई झाली, तुतारी वाजली आणि आतून निघाला खेळातील शिपायाने गळ्यात बांधावयाचा एक रंगीत रुमाल. तसला रुमाल नातवाकडे आधीपासूनच होता. त्याचा चेहरा क्षणभर उतरला आणि दुसऱ्याच क्षणी तो म्हणाला, "आजी, अजून एकदाच!" आजीने मोबाईल फडताळात ठेवून दिला.

प्रसंग घरगुती आहे आणि रक्कमही कुणाचे घर बुडावे इतकी मोठी नाही. परंतु आजीने बोंबलांचा दाखला देऊन जो प्रश्न विचारला, तो आमच्या मनातून जाईना. खेळासाठी वरून जे पैसे मोजले जातात, त्यांच्या बदल्यात खेळणाऱ्याला रास्त मोल मिळते काय? या प्रश्नाचा माग काढता काढता आम्ही व्हिडिओ गेमच्या पाच दशकांच्या इतिहासात शिरलो. तेथे जे आढळले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न.

नाण्याचे युग

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पूर्वीचे खेळ निर्मळ होते आणि आजचे तेवढे पैशाचे लोभी, असे म्हणण्याची आपणा वडीलधाऱ्यांना सवय आहे. वस्तुस्थिती तशी नाही. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीने 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ बाजारात आणला, तो नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रातच. जपानमध्ये १०० येनचे, तर अमेरिकेत पाव डॉलरचे नाणे टाकावयाचे. नेम चुकला, तोफ नष्ट झाली की डाव संपला. पुन्हा खेळावयाचे, तर पुन्हा नाणे. आपल्याकडे नव्वदच्या दशकात मुंबईच्या उपनगरांतील पार्लरमध्ये जी मुले नाणे वा टोकन मुठीत धरून रांगेत उभी राहिली, त्यांना हा हिशेब तोंडपाठ असेल.

यंत्राच्या मालकाचे उत्पन्न डाव किती लवकर संपतो यावर अवलंबून असल्याने, खेळ रचणाऱ्यांचे लक्ष त्या दिशेने जाणे स्वाभाविकच होते. १९८५ साली अटारी गेम्सने आणलेल्या 'गॉन्टलेट'मध्ये खेळाडूचे बळ शत्रूचा वार न लागताही क्षणाक्षणाला घटत असे आणि नवे नाणे टाकले की वाढत असे. नुसते उभे राहण्याचीही तेथे किंमत होती. १९९० च्या 'डबल ड्रॅगन ३' या खेळात तर निर्मात्यांनी चक्क दुकानेच थाटली. खेळाडूने दुकानात शिरावे, यंत्रात आणखी नाणी टाकावीत आणि नवे शस्त्र, नवा डाव वा नवा सोबती विकत घ्यावा, अशी ती योजना. जपानमधील आवृत्तीतून मात्र ही दुकाने वगळण्यात आली. खेळाच्या पोटात दुकान मांडण्याची कल्पना ही मोबाईलची देणगी नव्हे, ती त्याच्याही फार आधीची आहे.

एवढे खरे की, नाण्याच्या युगात सौदा उघडा होता. मुठीतले नाणे डोळ्यांपुढे कमी होत असे. खिसा रिकामा झाला की मूल घरी परतत असे. खर्चाला मर्यादा घालण्यासाठी वेगळ्या कायद्याची गरज नव्हती, ते काम फाटका खिसाच करीत असे.

पुरवणीचे युग

घरोघरी संगणक आले तेव्हा नाण्याची यंत्रे मागे पडू लागली. खेळ एकदाच विकत घ्यावा आणि मनसोक्त खेळावा, ही रीत रुजली. या काळात जादा पैसे घेण्याचे दोन मार्ग पुढे आले. आमच्या मते या व्यवसायाच्या इतिहासातील ते सर्वांत सरळ मार्ग होत.

पहिला मार्ग चाखून घेण्याचा. १९९३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील आयडी सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने 'डूम' हा खेळ प्रसिद्ध केला. त्याच्या तीन भागांपैकी पहिला भाग कुणीही फुकट घ्यावा, मित्राला फ्लॉपीवर उतरवून द्यावा, अशी मुभा होती. खेळ आवडला तर पैसे पाठवून उरलेले दोन भाग मागवावयाचे. आंबेवाला फोड कापून हातावर ठेवतो, गोड लागली तर डझनाचा भाव विचारायचा, तसाच हा प्रकार. ग्राहकाने चव घेतलेली असल्याने फसवणुकीला जागाच उरत नसे.

दुसरा मार्ग पुरवणीचा. मूळ खेळ लोकप्रिय झाला की काही महिन्यांनी निर्माते त्याची पुरवणी काढीत. ब्लिझार्ड कंपनीचा 'स्टारक्राफ्ट' १९९८ च्या मार्चमध्ये आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'ब्रूड वॉर' ही पुरवणी आली. तीत खेळातील तीनही पक्षांसाठी नव्या मोहिमा होत्या, नवी सैन्ये होती, कथा पुढे सरकत होती. पुरवणी खोक्यात मिळे. खोक्याच्या पाठीवर आत काय आहे ते छापलेले असे, मासिकांतून तिची परीक्षणे येत. किंमत पटली तर घ्यावी, नाहीतर मूळ खेळ होताच. पुरवणी न घेणाऱ्याचे काही हिरावले जात नसे.

पुढील साऱ्या इतिहासाची तुलना आम्ही याच दोन रीतींशी करणार आहोत, म्हणून त्या वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात.

चिलखत आणि हसू

विसाव्या शतकाच्या अखेरीस इंटरनेट घरात शिरले. खोके, दुकान, वाहतूक यांची गरज संपली. पूर्वी पुरवणी छापून दुकानात पोहोचविण्याचाच खर्च इतका असे की, तीत भरघोस मजकूर असल्याखेरीज ती काढणे परवडत नसे. आता एखादी टोपी, एखादी तलवारसुद्धा सुटी विकणे शक्य झाले. किराणा दुकानात पोत्याने मिळणारा माल पुडीने मिळू लागावा, तसे हे झाले.

बेथेस्डा या अमेरिकन कंपनीचा 'ऑब्लिव्हियन' हा खेळ २००६ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाला आणि अतिशय गाजला. काल्पनिक राज्यात घोड्यावर बसून हिंडावे, अशी त्याची रचना. खेळ येऊन दोन आठवडे होतात न होतात तोच, एप्रिलच्या आरंभी, कंपनीने एक जादा वस्तू विक्रीस काढली. ती वस्तू म्हणजे घोड्याचे चिलखत. एक पोलादी, दुसरे परीकथेतल्यासारखे नक्षीदार. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स यंत्रावर त्याची किंमत होती अडीच डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ११० रुपये.

खेळाडूंनी गदारोळ केला. पूर्ण किमतीचा खेळ घेतल्यावर घोड्याच्या अंगावरच्या पत्र्याला वेगळे पैसे का द्यावेत, असा त्यांचा सवाल होता. चिलखतामुळे कथेत नवे प्रकरण येत नव्हते की नवा प्रदेश खुला होत नव्हता. 'घोड्याचे चिलखत' हा शब्दप्रयोग खेळाडूंच्या जगात निरर्थक खरेदीसाठी म्हणीसारखा रूढ झाला. टीका झाली, थट्टा झाली, आणि तरीही पुष्कळांनी ते विकत घेतले. विक्रेत्यांनी लक्षात ठेवला तो हाच धडा.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, त्याच कंपनीने २००७ साली 'शिव्हरिंग आइल्स' ही मोठी पुरवणी काढली. तीत एक संपूर्ण नवा प्रदेश होता, स्वतंत्र कथा होती. तिचे स्वागतही तितक्याच मोकळेपणाने झाले. खेळाडूंचा राग जादा पैशावर नव्हता, पैशाच्या मानाने हाती काय पडते यावर होता.

या कथेतील एक बारीकशी बाब मात्र त्या गदारोळात बरीचशी झाकली गेली. चिलखताची किंमत अडीच डॉलर अशी लिहिलेली नव्हती. ती होती २०० 'पॉइंट्स'. एका डॉलरला ८० पॉइंट्स असा भाव होता आणि पॉइंट्स ठरावीक गठ्ठ्यांनीच घ्यावे लागत. २०० हवे असतील तरी ५०० घ्या. उरलेले ३०० मग खात्यात पडून राहणार, पुढच्या खरेदीची वाट पाहत. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत २०१३ मध्ये बंद केली. परंतु तोवर ती इतरत्र पसरली होती. आज मोबाईलवरील खेळांत जी रत्ने, नाणी, हिरे दिसतात, ती याच कुळातली. रुपयाचे रत्न झाले की रुपयाचा विसर पडतो. जत्रेत आकाशपाळण्यासाठी कुपने घेतली की शेवटचे कूपन संपेपर्यंत मुले बसत राहतात, हे आपण पाहिलेच आहे.

बंद पेटी

चिलखताला जग हसले. परंतु मागे वळून पाहता आम्हांला असे वाटते की, त्या चिलखतात एक गुण होता. ते दिसत होते. अडीच डॉलर द्या, चिलखत घ्या. सौदा महागडा असेल, मूर्खपणाचा असेल, पण आंधळा नव्हता. पुढच्या दशकात सौदा आंधळा झाला, आणि आमच्या मते या इतिहासातील खरे वळण तेच आहे.

जपानमध्ये दुकानांच्या दाराशी खेळण्यांची यंत्रे असतात. नाणे टाकून मूठ फिरवावी, की प्लास्टिकचा एक गोळा घरंगळत बाहेर येतो. आत कोणते खेळणे आहे ते उघडल्यावर कळते. त्या यंत्राच्या आवाजावरून 'गाचा' हा शब्द आला आणि तीच युक्ती जपानी मोबाईल खेळांनी उचलली. त्यातून एक अधिकच बिकट प्रकार निघाला. ठरावीक चित्रांचा पूर्ण संच गोळा करील त्यालाच दुर्मिळ बक्षीस.

येथे थोडे गणित करणे अगत्याचे आहे. समजा, संचात १० चित्रे आहेत आणि प्रत्येक निघण्याची शक्यता सारखीच आहे. संच पूर्ण व्हावयास किती वेळा पैसे टाकावे लागतील? मन म्हणते, दहा-पंधरा वेळा. गणित म्हणते, सरासरी २९ हून अधिक वेळा. पहिले चित्र पहिल्याच खेपेस मिळते, पण नऊ जमल्यावर राहिलेल्या एका चित्रासाठीच सरासरी १० खेपा पडतात. बबलगमच्या वेष्टनातील क्रिकेटपटूंची चित्रे ज्यांनी लहानपणी जमविली, त्यांना तो शेवटचा हुलकावणी देणारा खेळाडू आठवत असेल. जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने २०१२ च्या मे महिन्यात हा संचाचा प्रकार बेकायदा असल्याचे स्पष्ट केले. साध्या गाचाला मात्र मोकळीक राहिली.

पाश्चात्त्य देशांत हीच युक्ती फुटबॉलच्या मैदानावर उतरली. ईए या कंपनीच्या 'फिफा' खेळात २००९ साली 'अल्टिमेट टीम' हा विभाग आला. बंद पाकिटे घ्यावीत, त्यांतून निघतील त्या खेळाडूंचा संघ बांधावा. मेस्सी वा रोनाल्डो हवा असेल तर त्याला थेट पैसे देऊन घेता येत नसे. पाकीट फोडावे आणि नशिबाची वाट पाहावी, नाहीतर तासन्तास खेळून खेळातले चलन साठवावे. पुढच्या वर्षी नवा फिफा निघाला की जुन्या संघाचे महत्त्व ओसरणार आणि पाकिटे पुन्हा पहिल्यापासून सुरू.

नशिबाच्या सौद्यात माणसाची समजूत कशी चुकते, याचे आणखी एक उदाहरण देतो. एखादी वस्तू निघण्याची शक्यता शंभरात एक असेल, तर शंभर पेट्या उघडल्यावर ती मिळणारच, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात शंभर पेट्या उघडणाऱ्या दर शंभर जणांपैकी सुमारे ३७ जण रिकाम्या हाताने परततात.

त्यातही, लिहिलेली शक्यता खरीच असेल असे कुणी सांगितले? दक्षिण कोरियातील नेक्सॉन कंपनीच्या 'मेपलस्टोरी' या खेळात २०१० साली 'क्यूब' नावाची वस्तू विक्रीस आली. ती वापरली की शस्त्र-वस्त्रांचे गुण नशिबाने बदलत. कंपनीने काही महिन्यांतच लोकप्रिय गुण निघण्याची शक्यता गुपचूप घटविली आणि २०११ पासून काही अत्यंत हव्याशा जोड्यांची शक्यता शून्यावर आणून ठेवली. उलट, काहीही बदललेले नाही, असे खेळाडूंना सांगितले गेले. २०२१ च्या मार्चपर्यंत लोक जे कधीच निघणार नव्हते त्यासाठी पैसे मोजत राहिले. कोरियाच्या न्याय्य व्यापार आयोगाने २०२४ च्या जानेवारीत या प्रकरणी कंपनीला सुमारे १,१६० कोटी वॉनचा दंड केला. आजीच्या भाषेत सांगावयाचे, तर टोपलीच्या खालच्या थरात बोंबील नव्हतेच.

कायद्याच्या दारात

२०१७ च्या नोव्हेंबरात हा प्रश्न वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' हा ईएचाच खेळ. ६० डॉलर देऊन खेळ घेतलेल्यांना असे आढळले की, ल्यूक स्कायवॉकर आणि डार्थ व्हेडर ही ज्या पात्रांसाठी खेळ घ्यावा तीच पात्रे कुलूपबंद आहेत. ती खेळून मिळवावयाची तर प्रत्येकी सुमारे ४० तास लागतील, असा हिशेब खेळाडूंनी मांडला. बंद पेट्यांतून निघणाऱ्या वस्तूंनी लढण्याचे बळ वाढत असल्याने पैसेवाल्याचे पारडे जड होणार, हा दुसरा आक्षेप. संतापाची लाट उसळली. कंपनीने पात्रांची किंमत तीन चतुर्थांशाने उतरविली आणि खेळाच्या प्रकाशनाच्या आदल्या दिवशी पैशाने होणारी सारी विक्री थांबविली. घोड्याच्या चिलखताच्या वेळी खेळाडू हसले होते. या वेळी त्यांनी सौदाच मोडून काढला.

मग शासने जागी झाली. चीनने २०१७ च्या मेपासून पेटीतील वस्तूंची शक्यता जाहीर करणे बंधनकारक केले होतेच. बेल्जियमच्या गेमिंग आयोगाने २०१८ च्या एप्रिलमध्ये निर्णय दिला की, पैसे घेऊन उघडावयाच्या अशा पेट्या हा तेथील १९९९ च्या कायद्याने जुगारच आहे. पुढील जानेवारीत ईएने त्या देशात फिफाच्या पाकिटांसाठी लागणाऱ्या पॉइंट्सची विक्री बंद केली. शेजारच्या नेदरलँड्समध्ये उलट घडले. तेथे ईएला झालेला एक कोटी युरोंचा दंड सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केला. पाकीट हा स्वतंत्र जुगार नसून मोठ्या खेळाचा एक भाग आहे, असे त्या न्यायालयाला वाटले. सीमेला सीमा लागून असलेल्या दोन देशांत एकाच पाकिटाविषयी दोन मते! प्रश्न किती नाजूक आहे हे यावरून ध्यानी यावे.

लहान मुलांच्या संदर्भात मात्र मतभेदाला जागा कमी होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ साली ॲपल कंपनीला पालकांचे किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करावयास लावले. एकदा पासवर्ड टाकला की पुढील १५ मिनिटे मूल हवी तितकी खरेदी करू शकत असे आणि पालकांना याची कल्पनाही नसे. २०२२ च्या डिसेंबरात 'फोर्टनाइट'च्या एपिक गेम्स कंपनीवर याहून मोठा बडगा पडला. मुलांच्या खाजगी माहितीच्या प्रकरणी २७ कोटी ५० लाख डॉलर दंड आणि नकळत झालेल्या खरेद्यांपोटी २४ कोटी ५० लाख डॉलरचा परतावा. बटणांची रचनाच अशी होती की चुकून बोट लागले तरी खरेदी होई. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, फोर्टनाइटमध्ये पोशाख दाखवून, किंमत लावून विकले जात होते. वस्तू दिसत होती, पण देणाऱ्याची संमती धूसर होती.

भारतात २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा झाला. पैशाच्या लाभाच्या आशेने पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर त्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व करमणुकीचे सामाजिक खेळ यांना वेगळे मानले. आमच्या नातवाच्या पेटीतून रोख रक्कम निघत नाही, निघतो तो रुमाल. त्यामुळे त्या पेटीविषयीचा विवेक आजही मुख्यतः घरातच करावा लागतो.

दुसरी बाजू

एकच बाजू मांडून थांबणे इतिहासाला शोभत नाही. निर्मात्यांचे म्हणणे असे की, मोठा खेळ घडविण्यास शेकडो माणसे वर्षानुवर्षे राबतात, आणि अमेरिकेत खेळाची किंमत २००५ च्या सुमारास ६० डॉलर झाली ती पुढे पंधरा वर्षे जवळपास तेथेच राहिली. मग वाढता खर्च भरून काढावयाचा कोठून? शिवाय असंख्य खेळ आज सर्वस्वी फुकट आहेत. 'कँडी क्रश सागा' काढणाऱ्या किंग कंपनीने २०१४ साली शेअर विक्रीच्या वेळी जी माहिती दिली, तीनुसार तिच्या खेळाडूंपैकी जेमतेम चार टक्के लोक पैसे देत होते. उरलेले शहाण्णव टक्के त्या चौघांच्या पैशावर खेळत होते. ज्या मुलाच्या घरी खेळ विकत घेण्याची ऐपत नाही, त्याच्या दृष्टीने हा सौदा वाईट कसा म्हणावा?

युक्तिवादात तथ्य आहे. परंतु त्याच्या पोटातच एक कूट आहे. शंभरातील चौघांनी साऱ्यांचा खर्च सोसावयाचा, तर त्या चौघांकडून पुष्कळ घेतले पाहिजे. ते चौघे कोण? ज्यांच्याकडे पैसा उतू जातो तेच, की ज्यांना स्वतःला आवरता येत नाही तेही? २०१८ साली झेंडल आणि केर्न्स या दोन ब्रिटिश संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले की, जुगाराच्या आहारी जाण्याची लक्षणे ज्यांच्यात जितकी तीव्र, तितका त्यांचा अशा पेट्यांवरील खर्च अधिक. पेटीमुळे व्यसन लागते की व्यसनी माणूस पेटीकडे वळतो, हे अशा पाहणीवरून ठरत नाही. पण दोन्ही परींनी पैसे जातात ते दुबळ्याच्याच खिशातून.

आणि जादा पैसे घेऊनही प्रामाणिक राहता येते, याचा पुरावा आहे. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने २०१५ साली 'द विचर ३' काढला. लहानसहान १६ भरी तिने फुकट दिल्या, त्यांत घोड्याचा साजसुद्धा होता! पैसे घेतले ते दोन मोठ्या पुरवण्यांचे. त्यांतील २० डॉलरच्या 'ब्लड अँड वाइन'मध्ये एक नवा प्रदेश आणि स्वतंत्र कथा होती. त्या पुरवणीला २०१६ च्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये आपल्या वर्गातील सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला, म्हणजे पुरवणीनेच इतरांच्या संपूर्ण खेळांना मागे टाकले. ब्रूड वॉरची जुनी रीत मेली नव्हती. चालविणारा हवा होता.

विकत घेतले, पण आपले झाले काय?

मोलाचा विचार करताना आणखी एक गोष्ट वगळता येत नाही. खोक्यातला खेळ कपाटात राहत असे. आजच्या जादा वस्तू कंपनीच्या संगणकावर राहतात, आपल्याला मिळते ती वापरण्याची परवानगी. यूबीसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा २०१४ चा मोटारशर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी बंद करण्यात आला. ज्यांनी खेळ आणि त्यातील गाड्या पैसे देऊन घेतल्या होत्या, त्यांच्या हाती काहीच उरले नाही. त्यातून युरोपात चळवळ उभी राहिली आणि तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्निया राज्याने २०२५ पासून विक्रेत्यांना हे स्पष्ट सांगणे भाग पाडले की, ग्राहक घेत आहे तो परवाना आहे, मालकी नव्हे. आपल्याकडेही २ सप्टेंबर २०२० रोजी 'पबजी मोबाईल'वर सरकारने बंदी घातली तेव्हा कित्येक मुलांना आपण घेतलेल्या पोशाखांचे काय होणार, ही चिंता पडली होती. पुढील वर्षी खेळाची भारतीय आवृत्ती आली आणि जुन्या वस्तू तिच्यात नेण्याची सोय झाली. ती सोय झाली नसती तर दाद कोठे मागणार होतो?

समारोप

तर मग जादा पैशांना रास्त मोल मिळते काय? इतिहासाची साक्ष अशी की, याचे उत्तर रकमेत नाही. २० डॉलरची पुरवणी स्वस्त ठरली आणि अडीच डॉलरचे चिलखत महाग. रास्तपणा तीन गोष्टींवर ठरत आला आहे. घेण्यापूर्वी वस्तू दिसते काय? किंमत आपल्या ओळखीच्या चलनात लिहिली आहे काय? आणि ती घेतली नाही तर आधीच पैसे देऊन घेतलेला खेळ अपुरा, लंगडा राहतो काय? पहिल्या दोहोंचे उत्तर 'होय' आणि तिसऱ्याचे 'नाही' असेल, तर मुलाने साठविलेल्या पैशातून एखादा पोशाख घेतला म्हणून आपण कपाळाला आठ्या घालू नयेत. सणासुदीला आपणही केवळ शोभेसाठी कंदील घेतोच.

पेटी बंद असेल, तर मात्र ती सोडत आहे हे मुलाला स्वच्छ सांगावे. धर्मग्रामाच्या सणात आपण रॅफलची तिकिटे घेतो ती बक्षीस लागणार नाही हे गृहीत धरून, आणि तेथे तिकिटावर सोडतीची तारीख व बक्षिसांची यादी छापलेली असते. नातवाच्या पेटीवर तुतारी होती, यादी नव्हती.

मोबाईल फडताळात ठेवणे हा एक उपाय झाला. आमच्या घरी दुसरा उपाय नंतर सापडला. नातू आणि आजी एका संध्याकाळी एकत्र बसले आणि त्या खेळात पेटीतील वस्तूंची शक्यता कोठे लिहिली आहे, ते त्यांनी शोधून काढले. चार-पाच पडदे ओलांडल्यावर, बारीक अक्षरांत, ती सापडली. नातवाला हवी असलेली तलवार निघण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी होती. त्याने कागद घेतला, चारशेने गुणाकार केला आणि बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आजी, यात तर सायकल येईल."

सायकल अद्याप आलेली नाही. पण पेटीची मागणीही पुन्हा झालेली नाही.